गर्भनिरोधक गोळी चुकली तर? किनाऱ्यालगतच्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या गावांत उपकेंद्रावर येणाऱ्या बायका गोळीविषयी जे प्रश्न नेहमी विचारतात, ते त्यांच्याच क्रमाने येथे घेतले आहेत. गोळी चुकल्याचे सांगताना बहुतेकींचा आवाज खाली येतो आणि नजर दाराकडे जाते. गोळी कधी ना कधी सगळ्यांचीच चुकते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. कितवी गोळी चुकली आणि त्यानंतर काय केले, एवढ्यावर पुढचे सारे ठरते.

गोळी ‘चुकली’ असे नेमके केव्हा म्हणायचे?

समजा, तुम्ही रोज रात्री नऊ वाजता गोळी घेता आणि मंगळवारी रात्री ती राहिली. बुधवारी सकाळी चहा ठेवताना आठवले, तर ती गोळी उशिरा घेतली एवढेच, चुकली नाही. बुधवारी रात्रीचे नऊ वाजून गेले तर एक गोळी चुकली, आणि गुरुवारी रात्री नऊपर्यंतही काहीच घेतले नाही तर दोन चुकल्या. हा हिशेब माला-एन, माला-डी आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या दोन संप्रेरकांच्या इतर नेहमीच्या गोळ्यांना लागू आहे. ‘छाया’ या आठवड्याच्या गोळीचा हिशेब निराळा आहे, तो पुढे दिला आहे. एकाच संप्रेरकाच्या, म्हणजे अंगावर पाजणाऱ्या आईला देतात त्या गोळ्यांना एवढी सूट मिळत नाही. त्यांतल्या काहींना तीन तासांचा उशीरही चालत नाही, तर काहींना बारा तासांपर्यंत चालतो, म्हणून अशा गोळीचे नाव सांगून नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना विचारावे.

एकच गोळी चुकली. दिवस जातील का?

सहसा नाही. आठवेल त्या क्षणी चुकलेली गोळी घ्यावी आणि त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळेला घ्यावी, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालते. थोडे मळमळेल, कदाचित एखादा दिवस कपड्याला डाग लागेल, पण निरोध वापरण्याची किंवा तातडीची गोळी घेण्याची गरज नसते.

दोन किंवा त्याहून जास्त चुकल्या तर?

शेवटी चुकलेली एक गोळी लगेच घ्यावी. आधीच्या चुकलेल्या गोळ्या टाकून द्याव्यात. चुकलेल्या सगळ्या एकदम गिळून भरपाई होत नाही, नुसती उलटी होते. पुढच्या गोळ्या रोजच्या वेळेला चालू ठेवाव्यात आणि सलग सात दिवस गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत. काही मार्गदर्शिका माला-एनच्या ताकदीच्या गोळीला दोन चुकांपर्यंत सूट देतात आणि तिसऱ्या चुकीपासून सावध व्हायला सांगतात, पण मी बायकांना दोनचाच नियम सांगते, कारण ‘दोनच चुकल्या’ म्हणणारीची पट्टी हातात घेऊन मोजली की पुष्कळदा तिसरी सापडते.

चूक पट्टीच्या कोणत्या भागात झाली, यावर पुढचे ठरते. पहिल्या आठवड्यात झाली असेल आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आले असतील, तर तातडीच्या गोळीचा विचार त्याच दिवशी करावा. मधल्या आठवड्यात झाली आणि त्याआधीच्या सात गोळ्या नीट घेतलेल्या असतील, तर धोका कमी असतो. तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पंधराव्या ते एकविसाव्या गोळीच्या दरम्यान झाली असेल, तर उरलेल्या पांढऱ्या गोळ्या संपवाव्यात, गडद रंगाच्या, लोहाच्या सात गोळ्या टाकून द्याव्यात आणि दुसऱ्याच दिवसापासून नवे पाकीट सुरू करावे. त्या महिन्यात पाळी येणार नाही किंवा नुसते डाग लागतील. त्याने अपाय होत नाही.

सगळ्यांत वाईट चूक कोणती?

नवे पाकीट उशिरा सुरू करणे. मधली गोळी चुकली की बायका घाबरून येतात, पण पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू झाले तर ‘अजून सुरूच कुठे केलंय’ म्हणून कोणी ती चूक धरतच नाही. धोका मात्र तिथेच सर्वांत जास्त असतो.

याचे कारण गोळीच्या कामातच आहे. पांढऱ्या गोळीतली दोन संप्रेरके, माला-एनमध्ये ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल, मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप थांबवतात, त्यामुळे बीज पिकत नाही. सलग सात दिवस गोळ्या घेतल्या की बीजकोश झोपी जातो. एकवीस दिवसांनंतर येणारी सात दिवसांची सुट्टी त्याला जेमतेम चालते. त्या दिवसांत तो चुळबुळ करू लागतो, बीज वाढू लागते, आणि तेवढ्यात नव्या पाकिटाची पहिली गोळी येऊन ते थांबवते. ती सुट्टी सातऐवजी नऊ-दहा दिवसांची झाली, तर बीज बाहेर पडू शकते. पाकिटाच्या सुरुवातीच्या पांढऱ्या गोळ्या चुकल्या किंवा शेवटच्या चुकल्या, तरी लांबते ती हीच सुट्टी. मधली गोळी चुकली तर तिच्या दोन्ही बाजूंना गोळ्यांचा आधार असतो.

आपल्याकडे पाकीट उशिरा सुरू होण्याची कारणे ठरलेली असतात. जुलैत नदीला पाणी चढते, साकवावरून जाता येत नाही आणि आशाताई चार दिवस वाडीवर पोचत नाहीत. लावणीत पहाटेपासून गुडघाभर चिखलात उभी असलेली बाई संध्याकाळी उपकेंद्राचा चढ चढून येईल, अशी अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून मृग लागायच्या आत घरात निदान दोन-तीन पाकिटे जास्तीची ठेवावीत. सरकारी केंद्रावर माला-एन विनामूल्य मिळते आणि जास्तीचे पाकीट मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

काळपट गोळ्या चुकल्या तर?

काही बिघडत नाही. त्या लोहाच्या आहेत, अठ्ठावीस दिवसांची सवय मोडू नये म्हणून ठेवलेल्या. रक्त कमी असेल तर घेतलेल्या बऱ्या. चुकलेल्या टाकून द्याव्यात आणि नवे पाकीट ठरलेल्या दिवशीच सुरू करावे, हे मात्र विसरू नये.

घरधनी मुंबईला असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात. गोळ्या तेवढ्याच दिवसांत घेतल्या तर चालतील का?

चालणार नाहीत. कोकणात या प्रश्नाचे उत्तर दर वर्षी नव्याने द्यावे लागते. गोळी त्या रात्रीपुरती काम करत नाही, ती सलगपणावर चालते. चाकरमानी गाडीतून उतरले त्या संध्याकाळी पहिली गोळी घेतली, तर आठवडाभर ती नसल्यासारखीच समजावी. हेच खलाशांच्या घरीही होते. बोट समुद्रात असते तोवर पट्टी फडताळात पडून राहते, आणि जून-जुलैतल्या मासेमारी बंदीत माणूस सलग घरी असतो तेव्हा ती शोधायची धांदल उडते.

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे माणूस घरी असो वा नसो, गोळ्या वर्षभर नेमाने घ्यायच्या. मधे महिनाभर थांबून पुन्हा सुरू केल्या तर प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात होते. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत गोळी सुरू केली तर ती लगेच लागू पडते, एरवी सुरू केली तर सात दिवस निरोध लागतो. दुसरा मार्ग म्हणजे वर्षातून थोडेच दिवस एकत्र असणाऱ्या जोडप्याने सरळ निरोध वापरावा किंवा तांबी (कॉपर-टी) बसवून घ्यावी. अशा घरांसाठी मला तांबी जास्त सोयीची वाटते, कारण तिला आठवण लागत नाही.

‘छाया’ आठवड्याची गोळी आहे. ती चुकली तर?

छायामध्ये संप्रेरक नसते. तिच्यातले औषध, सेंटक्रोमन म्हणजेच ऑर्मेलॉक्सिफेन, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे पहिली गोळी रविवारी घेतली असेल तर रविवारी आणि बुधवारी, आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा, पहिली गोळी घेतली त्या वारी, असा तिचा क्रम आहे.

गोळी राहिली आणि सात दिवस उलटलेले नसतील, तर आठवताच ती घ्यावी, पुढचे वार होते तेच ठेवावेत आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला, तर पुन्हा नव्याने, तीन महिने आठवड्यातून दोन गोळ्या या क्रमाने सुरुवात करावी. छायावर काहींची पाळी लांबते, त्यामुळे ‘गोळी चुकल्याने दिवस गेले की छायाने पाळी लांबवली’ हे घरबसल्या कळत नाही, तपासणी करावी लागते.

आठवड्याची गोळी रोजच्या गोळीपेक्षा सहज विसरते, असा माझा अनुभव आहे. म्हणून ती गावच्या आठवडी बाजाराच्या वाराला बांधून घ्यावी. बाजारातून आणलेली पिशवी रिकामी केली की गोळी घ्यायची, ही युक्ती पुष्कळजणींना मानवली आहे.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर?

दोन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी अंगी लागली नाही असे धरून पट्टीतली दुसरी घ्यावी. जुलाब-उलट्या दोन दिवसांपेक्षा जास्त चालल्या, तर गोळ्या चालू ठेवूनही दोन-तीन गोळ्या चुकल्याचे नियम पाळावेत. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होते आणि घरोघरी पोट बिघडते, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो.

लेप्टोच्या गोळ्यांनी गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो का?

नाही. लावणीच्या दिवसांत लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापापासून बचावासाठी देतात ती डॉक्सीसायक्लिन किंवा ताप-खोकल्यासाठीची नेहमीची प्रतिजैविके गर्भनिरोधक गोळीच्या आड येत नाहीत. मात्र डॉक्सीसायक्लिन गरोदर बाईला देत नाहीत. म्हणून गोळ्या चुकल्या असतील आणि पाळीही लांबली असेल, तर ती घेण्याआधी तसे सांगावे.

खरी आडकाठी असते ती क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनची आणि फिट्सवरच्या फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन या औषधांची. ही औषधे गोळीतली संप्रेरके शरीरातून लवकर संपवतात, त्यामुळे एकही गोळी न चुकता दिवस जाऊ शकतात. अशा बाईने तांबी किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन निवडावे. रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही चार आठवडे तिचा परिणाम राहतो.

गणपतीत पाळी येऊ नये म्हणून मेडिकलमधून गोळ्या घेतल्या होत्या. त्यांनी दिवस राहणार नाहीत ना?

राहू शकतात. पाळी पुढे ढकलण्यासाठी दिवसातून तीनदा देतात ती नॉरएथिस्टेरॉन गर्भनिरोधक म्हणून दिलेली नसते आणि तिच्या भरवशावर राहू नये. चतुर्थीच्या आधी गोळ्या, घरात पाहुणे, विसर्जनानंतर गोळ्या बंद, आणि त्यानंतरही पाळी नाही, अशा बायका दर वर्षी पितृपक्षात तपासणीला येतात. त्यातल्या सगळ्या गरोदर नसतात, पण काही असतात.

ज्यांचे माला-एन चालू आहे त्यांनी ही वेगळी गोळी घेऊच नये. पांढऱ्या गोळ्या संपल्या की गडद सात सोडून दुसऱ्या दिवशी नवे पाकीट सुरू केले, तर पाळी आपोआप पुढे जाते आणि संरक्षणही टिकते. पाळीत आरतीला उभे राहायचे की नाही, हा प्रत्येकीच्या मनाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर उपकेंद्र देत नाही.

उपवासाला किंवा रोजाच्या दिवसांत गोळी घ्यावी का?

उपवासाच्या दिवशी पाण्याबरोबर गोळी घ्यायला हरकत नाही. रोजे असतील तर इफ्तारनंतरची किंवा सहरीची एक वेळ धरावी आणि महिनाभर तीच ठेवावी. गोळी मात्र सोडू नये.

तातडीची गोळी केव्हा आणि किती वेळा घ्यावी?

१.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची ही एकच गोळी असते. संबंधानंतर जितक्या लवकर घ्याल तितकी ती उपयोगी पडते. ७२ तासांच्या आत घ्यावी. पाच दिवसांपर्यंत थोडाफार उपयोग होतो, पण दर दिवशी तो घटत जातो. म्हणून ‘सोमवारी बाजारात जाईन तेव्हा आणते’ असा विचार करू नये. ती आशाताईंकडे मिळते, मेडिकलमध्ये चिठ्ठीविना मिळते. घेतल्यानंतर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. रोजच्या गोळ्या त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवसापासून चालू कराव्यात आणि सात दिवस निरोध वापरावा.

ही गोळी बीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. बीज आधीच बाहेर पडले असेल तर तिचा उपयोग होईलच असे नाही. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तिच्यापेक्षा कितीतरी खात्रीची असते आणि पुढची वर्षानुवर्षे कामी येते, हे बायकांना क्वचितच कोणी सांगितलेले असते. महिन्यातून तीन-तीनदा ही गोळी घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना त्याने कायमचा अपाय झाला नाही, पण पाळीचे वेळापत्रक पार बिघडले आणि खात्री रोजच्या गोळीइतकी कधीच मिळाली नाही.

पाळी आली नाही. दिवस गेले असे समजायचे का?

एवढ्यावरून समजू नये. गोळ्या घेताना पाळी हलकी होते, कधी चुकतेही. एकही गोळी चुकली नसेल आणि एकदाच पाळी आली नसेल तर नवे पाकीट सुरू करावे. गोळ्या चुकल्या असतील किंवा लागोपाठ दोनदा पाळी आली नाही, तर तपासणी करावी. उलट, थोडे रक्त दिसले म्हणजे सुटलो, असेही धरू नये, कारण चुकलेल्या गोळीने नुसते डागही लागतात.

‘निश्चय’ किट आशाताईंकडे आणि उपकेंद्रावर मिळते. सकाळची पहिली लघवी, ठरलेले थेंब आणि पाच मिनिटे वाट पाहणे, एवढेच करायचे असते. एक रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे आहे. फार लवकर केलेली तपासणी फसवते. शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन आठवड्यांनी आलेले ‘नाही’ हे उत्तर भरवशाचे असते. ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखले, चक्कर आली आणि सोबत पाळी लांबलेली असेल, तर किटची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालय गाठावे, कारण गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

दिवस गेलेले कळले नाहीत आणि गोळ्या चालूच होत्या. बाळात व्यंग येईल का?

येत नाही. आजवरच्या अनुभवात या गोळ्यांनी बाळाला अपाय होत असल्याचे दिसलेले नाही. कळल्याबरोबर गोळ्या बंद कराव्यात आणि नाव नोंदवावे.

मूल नको असेल तर?

गर्भनिरोधक साधन अपयशी ठरणे हे १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात मान्य असलेले कारण आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते केवळ विवाहित बाईपुरते राहिलेले नाही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत चालतात, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. मुंबईहून येणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीतून आलेली पट्टी घरी घेऊन रक्तस्राव थांबेना म्हणून मध्यरात्री गाडी शोधत फिरलेली कुटुंबे या पट्ट्यात आहेत.

मला रोज आठवतच नाही. काय करू?

नियमाने घेतल्यास वर्षभरात हजारातल्या तीन बायकांनाच दिवस जातात, पण प्रत्यक्षात जशा घेतल्या जातात तशा धरल्या तर शंभरातल्या सात जणींना जातात. हा सगळा फरक विसरण्याचा आहे. गोळी रोज होणाऱ्या एखाद्या कामाशी जोडावी. तुळशीपाशी दिवा लावल्यावर, किंवा रात्री चूल सारवून झाल्यावर. पट्टीवरच्या बाणाच्या क्रमानेच जावे. गोळी आधीच सोडवून डबीत ठेवू नये, कारण इथल्या दमट हवेत ती फुगते आणि मऊ पडते. एकीने मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेल्या गोळ्या आणून दाखवल्या होत्या, त्या बोटाला पिठासारख्या लागत होत्या.

महिन्याला दोन-तीन गोळ्या चुकतच असतील, तर स्वतःला बोल लावण्यापेक्षा साधन बदलावे. तांबी, अंतरा आणि निरोध सरकारी केंद्रावर विनामूल्य मिळतात. रक्तदाब जास्त असेल, अर्धशिशीत डोळ्यांपुढे वीज चमकत असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, पायाच्या शिरेत पूर्वी गुठळी झाली असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतले अंगावर पीत असेल, तर माला-एन मुळातच योग्य नाही. गोळी चालू असताना छातीत दुखले, एकच पोटरी सुजून दुखू लागली, दृष्टी अंधूक झाली किंवा कधी नव्हते असे डोके दुखले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

उपकेंद्रावर येताना काय आणावे?

पट्टी आणावी, आहे त्या स्थितीत. रिकामी भोके आणि उरलेल्या गोळ्या पाहून अर्धे उत्तर तिथेच मिळते. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली आणि शेवटचा संबंध कधी आला, हे कालनिर्णयवर खूण करून ठेवलेले असेल तर उरलेले अर्धेही.